नवरदेवाच्या हातचा चाकू

लग्नाचं आवतन आलं का माया नवऱ्याचं, वारलू निकुऱ्याचं, तोंड उतरते. लोकायले वाटते, बुढ्याले आहेराची चिंता पडली. आहेराची नाई, त्याले लिंबाची चिंता.

आमच्या इकडं हळद लागली का नवरदेवाच्या हातात लोखंड देतेत. एक चाकू, अन् त्याच्या टोकाले टोचलेलं लिंबू. कांकन सुटेपर्यंत तो हातातून सोडाचा नाई, नाईतर बाहेरचं काईबाई लागते म्हनतेत. आता लिंबानं भूत पळते का नाई ते मले मालूम नाई. पन पातं काळं पडते, हे मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं आहे. जुन्या पोलादाले लिंबू सोसत नाई. आधी डाग पडते, मंग जंग चढते, अन् मंग तो चाकू आमच्या घरी येते.

नागभीडच्या आरा मशीनवर बुढा उमरभर करवतीचे दात घासत होता. मशीन बंद झाली, पन हाताची खाज काई गेली नाई. मंग लोकायचे बिघडलेले चाकू दुरुस्तीले घरात याले लागले. घडीचे, खटक्याचे, पेटीत सडलेले, धानाच्या कोठीत सापडलेले. एखादा खुलत नाई, एखादा बंद होत नाई. एकानं तर विहिरीचा गाळ काढताना सापडलेला आनला. मी म्हनलं, हा चाकू नोय, हा गाळच आहे. बुढा म्हने, "आत आहे." अन् होता आत.

पयले तो चाकू डिझलमंदी बुडवून ठेवते. घासलेट मिळत होतं तवा घासलेटात ठेवे. ज्या कटोऱ्यात बुडवते तो माया बापानं लग्नात देलेला पितळी कटोरा आहे. त्याच्यात आमी कधी काळी खीर खात होतो. मंग बुढा सुईनं सांध्यातला मळ काढते, ढिला खिळा बदलते, पालिश पेपरनं जंग उतरवते, पथरीवर धार लावते. शेवटी सांध्याले शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. पन लय चमकवत नाई. "कामाचा झाला पायजे," म्हनते, "त्याले का नवरदेव कराचं आहे?" मंग कानापाशी नेऊन उघडते, बंद करते, अन् ध्यान देऊन आयकते. एवढं ध्यान देऊन बायकोचं आयकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

लोकायचे चाकू टोपलीभर, पन सोताचा एकच. ज्याच्या हाताखाली बुढा काम शिकला त्या जंगू मिस्त्रीनं करवतीच्या तुटक्या पात्यातून तो घडवला होता, घडीचा, सागाच्या मुठीचा. सदा कमरेले. मले त्यानं त्या चाकूनं कधी कांदा चिरू देला नाई. गावातले लोकं एकदा लग्नासाठी तो मागाले आले तर म्हने, "विळा न्या."

अशा मानसाच्या घरी पोरीचं लग्न निघालं.

उर्वशी आमची एकुलती एक. तिची एक सोयरीक साखरपुडा होऊन मोडली होती. मोडली पोराकडच्यायनं, पन गावानं खापर फोडलं पोरीच्या डोक्यावर. वरीसभर ती कोनाच्या मांडवात गेली नाई. आता आलापल्लीचा प्रणित भेटला होता, लाकडाच्या डेपोत कामाले, सरळ पोरगा. हे लग्न सुखरूप पार पडावं, एवढंच मायं देवापाशी मागनं होतं. बुढ्याले मी आधीच बजावून ठेवलं, "कोनाच्या चाकूकडं पाहाचं नाई." "नाई पाहात," म्हने.

वरात मांडवाच्या दारात आली. बुढा नवा शर्ट घालून, कुंकवाचं ताट घेऊन समोर गेला. प्रणितच्या हातात चाकू होता, त्याच्या आज्याचा. हळदीनं पिवळा, जंगानं लाल, टोकाले सुकलेलं लिंबू. खिळा इतका ढिला का पातं लटलट हालत होतं. बुढ्यानं नवरदेवाले कुंकू लावलं, त्याच्या हातातून चाकू घेतला, लिंबू काढून त्याच्या हातात देलं, अन् चाकू घेऊन घरामांगं निघून गेला.

नवरदेव लिंबू धरून उभा राह्यला. बँडवाले बिचारे वाजवाचे थांबले.

प्रणितची आत्या, कांताबाई, पुढं आली. बाई आवाजानंही मोठी अन् मानानंही. "नवरदेवाच्या हातचं लोखंड काहाडलं?" ती म्हने. "अन् तेही पोरीच्या बापानं?" मंग तिथीच, दारातच, खुर्ची टाकून बसली. "हातात लोखंड आल्याशिवाय वरात आत येत नाई. मुहूर्त गेला तर आमी वापस."

मी धावत मांगं गेले. बुढ्यानं तवरोक खिळा काढला होता. पातं कटोऱ्यात, मूठ पाटावर.

"अवो, हे का केलं तुमी?"

"पोराचं बोट कापलं असतं," बुढा म्हने. "पातं आपोआप बंद होऊन राह्यलं होतं."

"मंग लवकर जोडा."

"लवकर नाई जोडल्या जात. जंग भिजाची आहे."

"तिकडं लग्न मोडून राह्यलं अन् तुमी जंग भिजवता? टोपलीतला एखादा द्या मंग."

"ते लोकायचे आहेत. ज्याचा त्याले इचारल्याशिवाय कसा देऊ?" मंग म्हने, "विळा चालन का?"

मायं डोस्कं इतकं फिरलं का मी तोच विळा त्याच्यावर उचलला असता. पन मांगच्या दारात उर्वशी येऊन उभी होती. बाशिंग बांधलेली, हिरवा चुडा भरलेली. तिनं सारं आयकलं होतं.

"बाबा," ती म्हने, "मांगं सोयरीक मोडली तवा तुमी असेच चाकू घासत बसले होते. कोनाले एक शब्द बोलले नाई. आता तरी काई करा."

बुढ्यानं तिच्याकडं पाह्यलं. मंग फडक्याले हात पुसले, एक एक बोट. उठला, कमरेचा चाकू काढला अन् मांडवाच्या दाराकडं चालला. मी त्याच्या मांगं.

बुढ्यानं प्रणितच्या हातातलं लिंबू घेतलं. जंगू मिस्त्रीचा चाकू उघडला, अन् ते लिंबू सोताच्या हातानं त्याच्या टोकाले टोचलं. "घ्या, जवाईबापू," म्हने. "याचा खिळा मजबूत आहे."

कांताबाईनं चाकू हालवून पाह्यला. पातं जागचं हाललं नाई. ती खुर्चीवरून उठली अन् बँडवाल्यायवर ओरडली का वाजवा, काऊन थांबले.

मंगलाष्टकं सुरू झाली. लोकं नवरानवरीकडं पाहात होते, बुढा लिंबाकडं. रस पात्यावरून मुठीकडं उतरत होता, अन् बुढ्याच्या डोळ्यातून पानी. बाया म्हनाल्या, पोरीच्या बापाचं काळीज शेवटी. पोरीसाठी होतं का पात्यासाठी, मले नक्की मालूम नोतं.

पोरगी वाटे लावताना सारे रडले. बुढा गाडीपाशी गेला, खिडकीतून वाकला अन् उर्वशीले म्हने, "सांध्याले तेल देत जाशीन." झालं. तळहातावर वाढवलेली पोरगी चालली परक्या घरी, अन् बाप तेलाचं सांगते. त्या दिवसी मी बुढ्याले जेवाले वाढलं, पन बोलले नाई.

मांडवपरतनीले पोरगी-जवाई घरी आले तवा प्रणितले आज्याचा चाकू वापस भेटला, घट्ट अन् धारदार. प्रणितनं मंग बुढ्याचा चाकू काढून समोर ठेवला. बुढा म्हने, "राहू द्या. लग्नात देलेलं लोखंड बाप वापस घेत नाई." अशी रीत कोन्या गावात आहे, मी आजवर आयकली नाई. त्यानंच तिथल्या तिथं तयार केली. मंग लय दिवस बुढ्याचा हात कमरेपाशी जाये, अन् रिकामाच खाली ये.

आता उर्वशी बाळंतपनाले आली आहे. पोरगी झाली. बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवाची आमच्यात रीत आहे. मी विळी आनाले उठले, तर उर्वशीनं पिशवीतून तो चाकूच काढला अन् उशाखाली सारला.

बुढ्यानं पाह्यलं. हळूच ओढून घेतला अन् उघडला. टोकापासून मुठीपर्यंत काळा डाग, जसा रस उतरला होता तसाच. मी म्हनलं, आता का बुढा घासल्याशिवाय राह्यते, अन् न सांगता पितळी कटोरा त्याच्यासमोर नेऊन ठेवला. पालिश पेपरही देला. बुढ्यानं चाकू कानापाशी नेला, उघडला, बंद केला, परत उघडला. कुरकूर नाई, अडकनं नाई. सांध्यावर बोट फिरवलं तर बोटाले तेल लागलं, ताजं.

"दर बजाराच्या दिवसी देत असते, बाबा," उर्वशी खाटेवरून म्हने. "तुमी सांगतलं होतं ना."

बुढ्यानं अंगठ्यानं डाग पुसून पाह्यला. तो का पुसल्यानं जाते? मंग चाकू बंद केला अन् नातीच्या उशाखाली होता तसा ठेवून देला.

"अन् डाग?" मी इचारलं.

"राहू दे," म्हने. "कामाचा आहे."

अन् मंग बुढा रडला. या खेपी समोर लिंबू नोतं, म्हनून मी नक्की सांगते, पोरीसाठीच होतं.