सुतकातली मॅरेथॉन

सुतकात मॅरेथॉन धावायला हरकत नाही, असा निर्णय आमच्या घरात झालेला आहे. शास्त्रात याचा उल्लेख नसावा, कारण शास्त्र लिहिणाऱ्यांच्या घरात माझ्यासारखा माणूस नव्हता. निर्णय दिला माझ्या आईने, सिंगापूरला बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर ऑपरेशन झालेला गुडघा लांब करून.

त्याच आठवड्यात सांगलीला माझे नानाकाका गेले. आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा नाना चौथीत होते. त्यांची शेंडेफळाची नाटकं, कावीळ, नापास होणं, सगळं आईने निस्तरलं. म्हणायला दीर, पण खरं तर तिचं पहिलं मूल. फोन आला तेव्हा तिकडे न्यायची तयारी चालू होती. डॉक्टरांनी आईला विमानप्रवास बंद केलेला, आणि मी एकटा निघालो असतो तरी वेळेत पोचलो नसतो. आईने फोन ठेवला, देव्हाऱ्याचं दार लावलं आणि म्हणाली, "दहा दिवस गोड करायचं नाही." ती रडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. नुसते नियम सांगत राहिली. नानांसाठी इथून करण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं, आणि मला तिची भीती वाटायला लागली होती.

आता माझं ऐका. मला नाना फार आवडायचे. पण सुतक हा शब्द ऐकल्यावर दुःखाच्या मागोमाग माझ्या मनात एक विचार चोरपावलांनी आला, की सुटलो. कारण त्या रविवारी माझी मॅरेथॉन होती. वर्षभर मी इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तिची दवंडी पिटली होती. सराव म्हणजे बिशान पार्कला एक फेरी आणि हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत दोन पराठे (पराठ्यांच्या बाबतीत मी कधी खाडा केला नाही). त्यामुळे मी चेहरा पाडून आईजवळ बसलो आणि म्हणालो, की या परिस्थितीत आता धावणं काही बरं दिसणार नाही.

"त्यात आनंद असतो का?" आईने विचारलं.

"छे गं. जीव जातो माणसाचा."

"मग हरकत नाही."

इतकं प्रामाणिक उत्तर मी आयुष्यात दुसऱ्यांदा देणार नाही.

अटी मात्र पुष्कळ होत्या. दाढी करायची नाही. शर्यतीचा टी-शर्ट नवा, म्हणून तो घालायचा नाही. गळ्यात पदक घालून घेणं हा सत्कार, म्हणून तेही नाही. (माझी बायको वैशाली म्हणाली, "त्याची काळजी नको, आई.") मग आईची नजर माझ्या एनर्जी जेलच्या पाकिटांवर गेली. धावणारे लोक दर थोड्या वेळाने तोंडात पिळतात तो गोड चिकट पदार्थ. आईने मला एक चाखायला लावलं.

"गोड आहे?"

"आहे."

पाकिटं कपाटात गेली. वैशालीने तिला परोपरीने समजावलं, की ते औषधासारखं असतं, गोडाधोडाचं जेवण नव्हे. त्यावर आईने मीठ लावलेले उकडलेले बटाटे डब्यातून काढून माझ्या कमरेच्या पट्ट्यात भरले. मी भरू दिले. तिला कशालाही नाही म्हणायची माझी छातीच होत नव्हती.

अशा रीतीने पहाटे मी हजारो चकचकीत लोकांच्या मागे उभा राहिलो. वाढलेली दाढी, विटका शर्ट आणि कमरेला कोमट बटाटे. सुरुवात छान झाली. इंग्रजांनी बांधलेल्या पांढऱ्या खांबांच्या इमारती, नदीवरचे जुने पूल, व्यापाऱ्यांची रंगीत घरं, सगळा इतिहास माझ्या बाजूने हळूहळू सरकत होता. पर्यटक यासाठी पैसे मोजतात. मी बाराव्या किलोमीटरपासूनच तो कण्हत पाहिला.

ऊन वर आलं. दमट हवेने अंगाला ओला टॉवेल गुंडाळल्यासारखं झालं. वाटेत ठिकठिकाणी टेबलं होती. त्यावर रंगीत सरबतं. सगळी गोड. मी फक्त पाणी घेतलं. केळ्यांना आईची परवानगी होती, पण मी पोचेपर्यंत तिथे साली तेवढ्या उरलेल्या असत. बटाट्यांचा तोवर लगदा होऊन तो पट्ट्यातून डाव्या मांडीवर उतरला होता. एक आजोबा मला मागे टाकताना त्या मांडीकडे बघून सहानुभूतीने मान हलवून गेले. रस्त्याकडेच्या पोरी "जियायो, अंकल!" असं ओरडून जोर देत होत्या. शेवटी त्यांचंही ओरडणं बंद झालं आणि त्या माझ्याकडे नुसत्या काळजीने बघायला लागल्या.

ईस्ट कोस्टला, समुद्राच्या कडेने वळताना, रस्ता उभा राहिला आणि मी आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा मी झाडाखाली स्ट्रेचरवर होतो. एक स्वयंसेवक ओठांशी गोड पेय धरून उभा. मी तोंड घट्ट मिटलं. "नो शुगर," एवढंच म्हणालो. त्याने मला मधुमेह आहे असं ठरवलं आणि घाईघाईने बाजूचं केळंही उचलून नेलं. मग प्रथमोपचाराचा पोरगेला डॉक्टर आला, त्याने बोटाला टोचून साखर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. आत्ताच्या आत्ता हे प्यायलंच पाहिजे, नाहीतर हॉस्पिटल, असं तो म्हणाला. मी त्याला इंग्रजीत सुतक समजावून सांगायला लागलो. माझी जीभ जड झाली होती, तरी मी हटून बसलो. हा मूर्खपणा आहे हे तेव्हाही कळत होतं. पण आईने नानांसाठी पाळलेली एकच गोष्ट माझ्या हातून मोडायला नको होती.

घरची मंडळी जवळच थांबली होती. माझी मुलगी ईशा आजीची व्हीलचेअर ढकलत धावत आली. ती इथल्या शाळेत वाढलेली. घाबरली की तिला मराठी सुचत नाही. "आजी, ही डोन्ट वॉन्ट टु ड्रिंक लाह!"

आईने डॉक्टरच्या हातातून पेला घेतला.

"आ कर."

"आई, सुतक..."

"नाना माझ्यावर रागावायचा नाही. आ कर म्हणते ना."

मी आ केला. ती घोट घोट पाजायला लागली. "काविळीत त्याला असंच पाजलं होतं मी," ती म्हणाली. "असाच तोंड मिटून बसायचा मेला." मग पेला माझ्या छातीवर कलंडला आणि आई रडायला लागली. चार दिवसांचं एकदम. माझ्या चिकट शर्टात तोंड खुपसून, भर रस्त्यात, नानाचं नाव घेऊन. वैशालीही रडायला लागली. धावणारे लोक वेग कमी करून बघत होते. दोघांनी टोप्या काढल्या. मला आईच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, तो कसाबसा ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिची भीती वाटली नाही.

तो पोरगेला डॉक्टर बिचारा गडबडून गेला. आईसमोर गुडघ्यावर बसून, माझ्याकडे बोट दाखवून तो मऊ आवाजात म्हणाला, "आंटी, डोन्ट क्राय. ही ओके ऑलरेडी."

आईने मान वर केली. पदराने नाक पुसलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"याच्यासाठी कोण रडतंय?" ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

डॉक्टरने ईशाकडे पाहिलं. ईशाने माझ्याकडे पाहिलं.

"शी सेज थँक यू," ईशा म्हणाली.