होडी गावात, शीड बनशंकरीत

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा मला एसटीवर सोडायला आले नाहीत. यायचं ठरलं होतं, सकाळी उठून त्यांनी माझी ट्रंक स्वतः अंगणात आणूनही ठेवली होती. पण दक्षिणेकडून काळं भरून आलं आणि आजच होड्या वर ओढायच्या, असा निरोप वाडीत घरोघर फिरला. एसटीचा रस्ता किनाऱ्याला लागून जातो. तिथून मला सगळे दिसले. वाळूत पाय रुतवून माणसांची रांग उभी होती आणि तिच्यात मधोमध बाबा, दोरी कमरेपाशी धरून. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण हात हलवला नाही. होडी चढावर असताना एकानेही दोरी सोडली तर ती मागे घसरते आणि तिच्यामागे ओंडके सरकवणाऱ्याच्या अंगावर जाते, हे मला न कळण्याइतकी मी लहान नव्हते. तरी आंबोलीचा घाट संपेपर्यंत मी रुसून बसले होते.

बेळगावला गाडी बदलून बंगळूरला आले. बोम्मसंद्र्यात पंपांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात मला क्वालिटी विभागात नोकरी मिळाली होती. समुद्राकाठच्या माणसाला या शहरात पहिल्यांदा काय खुपतं, ते सांगते. इथे नजर कुठेच लांब जात नाही. चार पावलांवर भिंत, भिंतीमागे बस आणि बसमागे टेकडीएवढी इमारत. आणि पाणी टँकरमधून येतं. सुरुवातीचे महिने मी होसूर रोडच्या गर्दीत बसून वाऱ्याची दिशा ओळखायचा प्रयत्न करायचे, आणि दर वेळी डिझेलचा वास यायचा.

त्याच कारखान्यातल्या शिवानंदशी माझं लग्न झालं. तो मूळ बेळगावकडचा, पण त्यांचं घर दोन पिढ्या बंगळूरच्या बनशंकरीत. माझ्या सासूबाईंना अख्खी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. या घराचा समुद्राशी संबंध एवढाच, की ही मंडळी एकदा गोकर्णाला गेली होती आणि दर्शन झाल्यावर चपला हातात घेऊन पाण्यात उभी राहिली होती.

बाबांची होडी शिडाची होती. आंब्याच्या लाकडाची, अरुंद, आणि एका बाजूला उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून लांब दांड्यांवर बांधलेलं तरंगतं लाकूड. वाडीतल्या सगळ्यांनी इंजिनं बसवली तरी बाबा शिडालाच धरून राहिले. विचारलं तर म्हणायचे, "इंजिनाक खावक घालूक लागता, वाऱ्याक नाय." माझी आई मी लहान असतानाच गेली, भाऊ-बहीण नाही. त्यामुळे बाबा गेले तेव्हा होडी माझी झाली. ती विकावी असं सगळ्यांनी सांगितलं. मी नाही म्हटलं, आणि का नाही म्हटलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

आज सांगता येतं. आमच्या वाडीत ज्याची होडी, त्याच्या घराला हाक जाते. पावसाच्या आधी होड्या वर घ्यायच्या असोत की नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडायच्या असोत, माणसं त्या हाकेवर येतात. होडी नसलेल्याला कुणी वाईट वागवत नाही. त्याला चहा देतात, मासळी बांधून देतात, पण हाक जात नाही. बाबा गेल्यावर वाडीतलं आमचं घर म्हणजे तेवढी एक होडी उरली होती. ती गेली असती तर मी दिवाळीत येणारी पाहुणी झाले असते, आणि मला पाहुणी व्हायचं नव्हतं.

माझे चुलतभाऊ उदयदादा होडीकडे बघायचे. तिला काजूचं काळं तेल पाजायचे, पावसाळ्यात वरून माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घालायचे. शीड मात्र उंदरांपासून वाचवायला मी बंगळूरला आणलं. ते आमच्या बनशंकरीच्या घरात माळ्यावर राहिलं. वर्षातून दोनदा आम्ही ते गच्चीवर उन्हाला पसरायचो. पहिल्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून विचारलं, "अक्का, एनु फंक्शन?" त्यांना तो मांडव वाटला होता. अक्का म्हणाल्या, "फंक्शन कुठलं, सुनेची होडी हाय." आणि मला ऐकू येईल असं पुढे, "स्कूटर लावायला जागा न्हाई, आणि आमच्यात होडी हाय की."

गणेशोत्सवात मराठी मंडळात महादेवपुऱ्याकडच्या आयटी कंपन्यांतली तरुण मंडळी भेटतात, पुण्या-मुंबईची. त्यातल्या एकाने मला गंभीरपणे विचारलं होतं, "ताई, इमोशनल व्हॅल्यू आय गेट इट, पण तुम्ही वर्षातून किती वेळा युज करता ती?" मी म्हटलं, "एकदा."

बाबा गेल्यावर पहिल्या वर्षी मी एक शहाणपणा केला. होडी ओढायला मजूर लावा म्हणून दादांना पैसे पाठवले. ते जसेच्या तसे परत आले आणि पाठोपाठ फोन. "पैसो काय दोरी ओढतलो? माणूस धाड." मला लाज वाटली. मग पौर्णिमेनंतर आम्ही दोघं गावी पोचलो तेव्हा होडी पाण्यात सोडून झाली होती. ज्यांनी हात लावला त्यांचे आभार मानायला हवेत म्हणून मी इथून म्हैसूरपाकाचे डबे नेले होते. ते मी प्रत्येक घरी जाऊन दिले. लोकांनी घेतले, पण फार कुणी बोललं नाही. एका म्हातारीने तर माझ्या गालावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वाडीतले दोघं दादांच्या दारात हजर. होडीची किंमत काय म्हणून विचारायला.

दादा आतून ओरडतच आले. आमच्याकडे होडी विकताना, जे हात तिला ओढत आले त्यांना गोड वाटतात, आणि वाटलं की त्या होडीचा वाडीशी हिशेब संपला. एरवी होडी ओढली म्हणून कुणी कुणाचे आभार मानत नाही, गोड तर नाहीच. मी वाडीत लहानाची मोठी झाले, पण माझ्या आठवणीत वाडीत एकही होडी विकली गेली नव्हती, मग मला कुठून कळणार? दादांनी घरोघर जाऊन सांगितलं, की पोरगी बंगळूरला राहून खुळी झाली आहे, होडी विकायची नाही. शिवानंद ओटीवर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "असू दे की गं. पुढच्या टायमाला आपण दोघं दोरीलाच येऊया. हाय काय त्यात."

त्यात बरंच होतं. पुढच्या मे महिन्यात आम्ही वेळेवर पोचलो, तर किनाऱ्यावर आमच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या. मी माहेरवाशीण आणि तो जावई. माहेरवाशिणीला काम सांगायचं नाही आणि जावयाला तर घामसुद्धा येऊ द्यायचा नाही. "जावयान दोरी ओढूची नसता. तुमी बसा हंय," म्हणत कुणीतरी त्याच्या हातात कोकम सरबताचा पेला दिला. बसल्या बसल्या आम्ही दुसऱ्यांच्या होड्या वर येताना पाहिल्या, आणि मग त्याच लोकांनी आमचीही होडी वर आणली. इतका मान मला आयुष्यात कधी टोचला नव्हता. परतीच्या गाडीत शिवानंद म्हणाला, "देवळातल्या मूर्तीसारखं बसवलं की आपल्याला. स्वल्पसुद्धा हलू दिलं न्हाई."

त्यानंतरच्या खेपेला त्याने खुर्ची स्वतःच घडी करून घरात ठेवली, पँट दुमडली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे. कुणी अडवलं नाही, फक्त हसले. पहिल्या होडीला तो सगळ्यांच्या आधी ओढायचा आणि सगळ्यांच्या आधी थांबायचा, त्यामुळे त्याला चिक्कार शिव्या बसल्या. दुसऱ्या होडीला त्याचा ताल जमला. जावयाला शिव्या बसल्या तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण शिव्या घरच्याच माणसाला बसतात.

तेव्हापासून वर्षातून दोन फेऱ्या ठरल्या. अक्का दोन्ही वेळा म्हणायच्या, "सरी, बरं, जाऊन या. पण शीड परत आणा, माळा मोकळा वाटतोय." पौर्णिमेच्या फेरीत होडी पाण्यात उतरली की आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत शीड लावून जायचो. सुकाणूवर दादा असायचे. शिवानंद दर वेळी ओकायचा आणि दर वेळी यायचा. शिडात वारा भरला की बोलणं आपोआप थांबायचं. बोम्मसंद्र्यात उरलेलं वर्ष मी त्या तासाभरावर काढायचे, असं म्हटलं तर खोटं नाही.

मग होडीच्या तळाला कीड लागली. सुतार म्हणाला, एकेक फळी बदलत गेलं तर शेवटी नवीच होडी होईल, आणि एवढ्या जुन्या झाडाचं लाकूड आता मिळत नाही. दादांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी तळाला हात लावला तर बोट आत गेलं. ती पाण्यात सोडली असती तर दादांच्या आणि आमच्याही जिवाला धोका होता. मी ती मोडायला सांगितलं. फळ्या लोकांनी नेल्या, आणि रीत होती म्हणून मी घरोघर गोड वाटलं. या वेळी कुणाचा गैरसमज झाला नाही. रडले मी परत येताना, बेळगाव येईपर्यंत, आणि ते होडीसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होतं.

त्यापुढचा मे महिना आला. मी सुट्टी टाकली नाही. कशाला टाकायची? कारखान्यात ऑडिट होतं, तेच बरं म्हटलं. एका दुपारी दादांचा फोन आला, मागे समुद्राचा आणि माणसांचा गलका.

"खंय पोचलात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दादा, आम्ही बंगळूरलाच आहोत. आमची होडी कुठे आहे आता?"

ते भडकले. "होडी गेली म्हणान दोरी सोडलंस काय? हंय माणसां कमी आसत. अर्धे मुंबयक गेले, अर्धे गोव्याक. शिवानंदाक घेवन ये, उद्या सकाळपर्यंत थांबतंव."

त्यांनी फोन ठेवला. मी ऑडिटच्या कागदांपुढे बसून रडले, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला डोळ्यात धूळ गेली असं सांगितलं. शिवानंदला फोन केला तर त्याने रात्रीच्या गाडीची चौकशी आधीच केली होती. होड्या वर ओढायचा दिवस दादांनी त्याला माझ्या आधीच कळवला होता.

तुम्ही जे गावी राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. वाडी माझ्याशी त्या होडीने बांधलेली आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते तसं नव्हतं. आता माझ्या नावावर तिथे काही नाही, आणि बनशंकरीत माझं सगळं आहे. पण घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी त्या किनाऱ्याचं नाव सांगते, कारण मी गेले नाही तर तिथे कुणाची तरी होडी पाण्यातच राहते.