बत्तीस पुढे, चौतीस मागे

टायरच्या कडेवर जो आकडा छापलेला असतो तेवढी हवा टायरात भरायची असते, असं समजून मी माझ्या स्पोर्ट्स कारच्या चारही चाकांत एक्कावन्न पौंड हवा भरली. तो आकडा ‘इतकी भरा’ असं सांगत नसतो, ‘याच्या पुढे गेलात तर तुमचं तुम्ही बघा’ असं सांगत असतो, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. आणि ज्यांनी कळवलं ते माझ्या बायकोचे धाकटे मामा. कोपरगावपासून खर्ड्यापर्यंत, या अख्ख्या जिल्ह्यात रबरी चाकावर जे जे म्हणून चालतं त्याच्या हवेची मनापासून काळजी करणारा एकच माणूस आहे, आणि तो केडगावात आमच्या घरापासून चार घरं सोडून राहतो. हे माझं भाग्य आहे. मला ते फार उशिरा समजलं, पण माझ्या बाबतीत सगळंच उशिरा समजतं.

मामांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या गॅरेजात, टायर विभागात गेली. उसाचे ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, साहेबांच्या जीपा, सगळ्यांची चाकं त्यांच्या हाताखालून गेलेली. निवृत्त झाल्यावर लोक स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागतात. मामा रस्त्यावरच्या चाकांकडे बघू लागले. कोणी भेटायला आलं की ते आधी त्याच्या गाडीकडे बघतात, मग त्याच्याकडे. पाहुणा उंबऱ्यात उभा असतो आणि मामा बाहेर त्याच्या मागच्या चाकाला चपलेच्या अंगठ्यानं दाबत असतात. माणसांची पारखही ते पौंडांतच करतात. गल्लीतल्या एका पुढाऱ्याबद्दल ते एवढंच म्हणतात, “साठ पौंड. जवळ उभं राहू नका.” आमच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून पायपंप दिला होता. तेव्हा माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. मी हसलो, तर शांतपणे म्हणाले, “पंप हाय म्हनल्यावर सायकल येतीय.” आणि खरोखरच पुढच्या वर्षी मी सायकल घेतली, कारण बायको रोज त्या पंपाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

नात्यातल्या एका लग्नात त्यांनी नवरीची पाठवणी थांबवली होती. फुलांनी सजवलेली गाडी उभी, नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय, सगळा मांडव डोळे पुसतोय, आणि मामा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. “थांबा!” ते ओरडले. सगळे थांबले. नवरीही रडायची थांबली. “आठ पौंड कमी हाय. आधी हवा, मग रडा.” पंप येईपर्यंत पाऊण तास गेला. एवढ्या वेळात नवरीला भूक लागली, तिनं दोन जिलब्या खाल्ल्या, आणि ती हसत हसत सासरी गेली. तिची आई अजून मामांना दुवा देते.

हवा मोजायची ती सूर्य उगवायच्या आत, हा त्यांचा नेम. रात्रभर उभी राहिलेली, थंड झालेली गाडीच खरं बोलते. चालून आलेल्या किंवा उन्हात तापलेल्या चाकाला ते मीटर लावतच नाहीत. “पळत आलेल्या मानसाची नाडी बघून औषद देतात व्हय?” एखाद्याला दुपारी हवा बघायची घाई असली, तर ते त्याला चहा पाजतात आणि पहाटे यायला सांगतात. पेट्रोल पंपावरच्या मीटरला ते ‘अंदाज’ म्हणतात. स्वतःचं मीटर मात्र फ्लॅनेलमध्ये गुंडाळून चष्म्याच्या घरात ठेवतात. चष्मा बिचारा सदऱ्याच्या खिशात, किल्ल्यांबरोबर. त्यामुळे मामांना जग थोडं ओरखडलेलं दिसायचं, पण पौंड अचूक दिसायचे.

आता माझ्या गाडीविषयी. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात. मी पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली, दोन सीटची, पिवळीधमक स्पोर्ट्स कार घेतली. गाडी इतकी बुटकी, की आत शिरताना नमस्कार घालावा लागतो आणि बाहेर येताना कोणाला तरी हाक मारावी लागते. बायको एकदाच बसली. तिला बाहेर काढायला शेजारच्या दोघी आल्या. तेव्हापासून ती गाडीचा उल्लेख ‘तुमची ती पिवळी’ असा, सवतीचा करावा तसा करते. अशा या पिवळीत मी एक्कावन्न पौंड हवा भरून आलो, त्याच संध्याकाळी मामा आले. अंगठ्यानं चाक दाबलं आणि अंगठाच चोळत बसले.

“जावईबापू, टायर हाय का जातं? किती भरली?”

“एक्कावन्न.”

“कोनी सांगितलं?”

“टायरवरच लिहिलंय, मामा.”

“लिफ्टमदी ‘दहा मानसं’ लिहिल्यालं असतं. म्हनून तुमी नऊ जन गोळा करून मग चढता व्हय?”

मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरच्या एका चिकटपट्टीवर बोट ठेवलं. “आन् ह्ये काय हाय?” मला आजवर तो रंगाचा नंबर वाटत होता. तिथं स्वच्छ छापलं होतं: पुढे बत्तीस, मागे चौतीस. मी आपलं म्हणालो, वेगाची गाडी आहे, हवा जरा ताठ असलेली बरी. मामांनी माझ्याकडे पंक्चर झालेल्या चाकाकडे बघावं तसं बघितलं. “टायरचा समदा तळवा रस्त्याला टेकाया पायजे. तुमचा निस्ता मधला पट्टा टेकतोय. पावसात ब्रेक मारशाल केडगावात, आन् थांबशाल सुप्यात.”

एवढ्यावर हा विषय मिटला असता. पण आमच्या मुलीला, अनूला, सातवा लागला होता. ती कोपरगावला दिलेली; पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिला आणायला जायचं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं होतं, फक्त ‘धक्के नकोत’ असं तीनदा सांगितलं होतं. आणि मी, नेहमीप्रमाणे कोणी न विचारता, व्याह्यांना फोनवर सांगून बसलो होतो की लेकीला मी माझ्या स्पोर्ट्स कारमधून नेणार. व्याही म्हणाले, “वा!” त्या एका ‘वा’साठी मी काहीही करायला तयार होतो.

मामांना हे कळलं. मग त्यांनी अनूला फोन लावून तिचं वजन विचारलं. सातव्या महिन्यातल्या बाईला वजन विचारण्याची हिंमत तिच्या नवऱ्यानंही केली नव्हती. तिनं ते सांगितलं, कारण मामांना खोटं सांगता येत नाही. “बॅगा किती? लाडू किती किलो?” तेही विचारून झालं. “उद्या पाटंपासनं बघू,” ते म्हणाले. “काठोकाठ ताक भरून एक पातेलं आना.”

“ताक कशाला? पाणी घेऊ.”

“पानी वाळतं. ताकाचा डाग ऱ्हातो.”

पुढच्या तीन सकाळी केडगावानं जे पाहिलं ते केडगाव अजून सांगतं. उजाडता उजाडता पिवळी गाडी पुणे रस्त्यानं निघायची. आत मी, आणि शेजारी कारखान्याचा जुना खाकी सदरा घालून, मांडीवर ताकाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून, देवाची मूर्ती विसर्जनाला न्यावी तसे मामा. पहिल्या दिवशी, मला अद्दल घडावी म्हणून, त्यांनी एक्कावन्न पौंडच ठेवले होते. पहिल्याच गतिरोधकाला ताक माझ्या चष्म्यावर आलं. दुसऱ्या दिवशी बत्तीस-चौतीस. ताक फक्त मामांवर सांडलं, आणि ते अर्ध्या पातेल्यावर थांबलं. मला हुरूप आला. म्हटलं, “मामा, अजून सात-आठ पौंड उतरवू. गादीसारखी चालेल.”

मामांनी टायरची बाजू दाखवली. “ही भिंत बगा. निस्ती तीन बोटं. आमच्या कारखान्याच्या सायबाच्या जीपला टीचभर भिंत आस्ती, ती धक्का खाती. हितं हवाच धक्का खाती. ती कमी केली की खड्ड्यात लोखंडी रिम आपटंल, टायर चिरंल, आन् पोरगी भर उन्हात राहुरीच्या रस्त्याला हुबी.” तिसऱ्या दिवशी त्यांनी एकेक पौंड वर करून पाहिला, एकेक पौंड खाली करून पाहिला, मधे प्रत्येक वेळी चाकं थंड व्हायला तास-तास थांबले, त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकली, आणि शेवटी परत बत्तीस-चौतीसवर आले. पातेलं दर वेळी अर्धंच उरत होतं. मामा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. सदऱ्यावर ताकाचे तीन दिवसांचे नकाशे.

“हवा बरोबर हाय,” ते म्हणाले. “गाडीबी चांगली हाय. पन ह्ये काम तिचं न्हाई.”

“मामा, मी व्याह्यांना सांगून बसलोय हो! माझा मान जाईल.”

“दोन शीटची गाडी हाय, जावईबापू. एका शीटवर तुमी. दुसऱ्या शीटवर मान तरी आना न्हाईतर लेक तरी आना.”

खरं सांगायचं तर मला रागच आला होता. तीन दिवस ताक पिऊन काढल्यासारखं माझं तोंड झालं होतं. पण घरी आलो, तर बायकोनं रिकामं पातेलं माझ्या हातातून घेतलं, आत डोकावून पाहिलं, आणि पदरानं त्याचा काठ पुसत राहिली. तेव्हा मला कळलं की या तीन सकाळी झोप फक्त माझीच उडाली नव्हती.

मी आणि मामा त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीतून गेलो. आदल्या दिवशीच गेलो, कारण चाकं रात्रभर थंड व्हायला हवीत. मला वाटलं होतं, व्याही पिवळी कुठाय म्हणून विचारतील. पण पहाटे ते अंगणात आले, तेव्हा त्यांना मामा चाकापुढे गुडघे टेकून, डोळे मिटून, हवेचा आवाज ऐकत बसलेले दिसले. व्याह्यांनी हळूच माझ्या कानात विचारलं, “पूजा किती वेळ चालते?” आणि स्वतःच चपला काढून उभे राहिले.

परतीला मी चालवत होतो. मामा शेजारी बसून हातानं खुणा करत होते: तळवा खाली म्हणजे हळू, तळवा आडवा म्हणजे आणखी हळू. बाभळेश्वर सोडलं तोवर अनूचा डोळा लागला. राहुरी आली, गेली. रस्त्याचं काम चालू होतं तो पट्टा आला, गेला. ती उठली नाही. विळद घाट चढताना मी पाहिलं, मामा मागे वळून बसले होते. या माणसाला चाकाखेरीज दुसऱ्या कशाकडे इतका वेळ बघताना मी तोवर पाहिलं नव्हतं. केडगावात, दारात गाडी थांबल्यावर अनूनं डोळे उघडले. “राहुरी आली का?” तिनं विचारलं. दारात वाट बघत असलेल्या बायकोनं पुढे होऊन तिचा हात धरला. मामा तोपर्यंत खाली उतरून मागचं चाक दाबत होते, पण पाठ आमच्याकडे करून, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

नात झाली, ती आता तीन वर्षांची आहे. पिवळी अजून आहे. बत्तीस पुढे, चौतीस मागे. दर रविवारी पहाटे मी ती मामांच्या दारात नेतो. हल्ली त्यांना काटा दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण फारसा उपयोग झाला नाही. ते खुर्चीत बसून राहतात, मी मीटर लावतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो. ते मान तिरकी करून ऐकतात. आकडा नाही, माझा आवाज. मी अर्धा पौंडही लपवला तर त्यांना समजतं. गेल्या रविवारी मोजून झाल्यावर मीटर फ्लॅनेलमध्ये गुंडाळताना मला एकदम भरून आलं. वाटलं, या माणसाचे आपण कधी आभारच मानले नाहीत. मी त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसलो आणि चांगली पाच मिनिटं बोललो. त्या तीन सकाळी, त्यांचे कपडे, कोपरगावची पहाट, सगळं बोललो. शेवटी म्हणालो, “मामा, माझ्यासाठी तुम्ही केवढं केलंत!”

मामांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमच्यासाठी कुटं? पोरीसाठी केलं,” ते म्हणाले. “तुमी एकटेच जानार असता, जावईबापू, तर मी अंथरुनातनं उठलोबी नसतो.”