पोळ्याचे बैल आणि यशया भांबळांचे दार

“खरं सांगितल्यानं मानूस परका व्हतो का वो?”

यशया भांबळ यांनी हा प्रश्न मला विचारला. तो ज्या घटनेतून निघाला, ती अशी.

यशया नेवासे आगारात कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर घोडेगावजवळच्या आपल्या गावी ते चर्चचे पंच झाले आणि काही काळाने ‘शेजार मंडळा’चे स्वयंसेवकही. हे मंडळ प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका शुभांगी यांनी २०१७ साली सुरू केले. मोबाईलवर फिरलेल्या एका चित्रफितीवरून गावातल्या दोन आळ्यांचे बोलणे बंद झाले होते, ते निमित्त. शुभांगीताई बौद्ध कुटुंबातल्या. आपल्याविषयी दुसऱ्यांनीच बोलावे, याचा त्यांना लहानपणापासून वीट आलेला. म्हणून मंडळाचा एकच नियम त्यांनी घालून दिला: ज्याने त्याने आपल्याच घरच्या चालीरीती सांगायच्या, इतरांनी ऐकायच्या.

जानेवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतीसमोर यशया बोलले. बाप्तिस्मा, उपासाचे दिवस, कापणीचा सण असे सगळे त्यांनी स्वच्छ आवाजात समजावले. मागून कोणीतरी विचारले, “देव्हारा नसतो का तुमच्यात?” यशया म्हणाले, “न्हाई. आमच्यात मूर्तीची पूजा नसते, जनावराची नसते. तो आमच्या धर्माचा नियम हाय.” व्यासपीठावर बसलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मान डोलावली. उत्तर बरोबरच होते. पुढच्या रांगेत यशयांचे बालमित्र सहादू दरंदले बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सहादू शेतकरी. पोळ्याच्या दिवशी त्यांची बैलजोडी मारुतीला जाऊन आली, की आपल्या घरी शिरण्याआधी यशयांच्या दारात थांबत असे. यशयांची पत्नी मरिया बैलांच्या पायांवर पाणी घाली आणि पुरणपोळी भरवी. कुंकू मात्र ती लावत नसे. ते का, हे कोणी कधी विचारले नव्हते. ही रीत कशी पडली, याविषयी दोन्ही मित्रांचे एकमत नाही. यशयांच्या मते त्यांच्या वडिलांचा कधीकाळी दरंदल्यांच्या एका जुन्या जोडीत वाटा होता. सहादू म्हणतात, “कशाचा वाटा? बैलच थांबले एकदा, पुढं सरकंनात. काय करता?”

त्या वर्षीच्या पोळ्याला बैल थांबले नाहीत. मरिया ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. सहादू जोडी घेऊन समोरून गेले आणि जाताना त्यांनी हात जोडले. मित्राला त्यांनी आयुष्यात हात जोडले नव्हते.

संध्याकाळी यशया त्यांच्या अंगणात गेले.

“का रं, दार इसरला का?”

“बसा ना, यशयाराव,” म्हणत सहादूंनी खुर्ची पुढे केली.

“यशयाराव? डोकं फिरलंय का तुझं?”

“तुमीच बोललात माईकवर, जनावराची पूजा न्हाई म्हनून. मला काय ठावं हुतं? इतकी वर्सं वहिनींना पापात घातलं म्हनायचं.”

“अरं, ती पूजा कुठं हुती?”

“मग काय हुतं?”

यशयांना सांगता येईना. पूजा म्हणावे, तर माईकवर खोटे बोलल्यासारखे होत होते. नुसते खाऊ घालणे म्हणावे, तर पोळ्यालाच का आणि पाय धुऊनच का? सहादूंच्या वागण्यात राग नव्हता, आदरच होता. पण शेतात एका भाकरीचे दोन तुकडे करून खाणारा हा माणूस आता “तुमच्यात हे चालतं का?” असे विचारून डबा पाठवू लागला, आणि त्या आदरापुढे यशयांचे काही चालेना. सहादू आपल्यापासून तुटले, एवढेच त्यांना कळत होते.

शुभांगीताईही गोंधळल्या. “कोणी चुकीचं बोललं असतं, तर दुरुस्त करता आलं असतं,” त्या मला म्हणाल्या. “इथे सगळेच बरोबर वागले. नियम माझा, तोही बरोबर.”

जानेवारी २०१९ च्या कार्यक्रमात यशयांनी पुन्हा माईक मागितला. पाळकसाहेब समोर बसले होते. नियम चुकीचा सांगितला असे म्हटले असते, तर पंचपद राहिले नसते. गप्प राहिले असते, तर सहादू परत येणार नव्हते. ते म्हणाले, “आमच्यात जनावराची पूजा नसते. आमच्या घरी पोळ्याला बैल येतात. दोनी खरं हाय. कसं, ते मला इचारू नका.” आणि ते खाली उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कशाला ते बहुतेकांना उमगले नसावे. पाळकसाहेबांनी हरकत घेतली नाही. त्या वेळीही नाही आणि नंतरही नाही. सहादू टाळ्या न वाजवता निघून गेले.

ऑगस्टात पोळा आला. जोडी मारुतीहून परतली आणि यशयांच्या दाराजवळच्या वळणावर थबकली. कासरा धरून सहादू ओरडले, “ओ कंडक्टर, हितं थांबा हाय का?”

“हाय की. मागच्या साली बिगरतिकीट गेलास, त्याचा दंड काढ आधी!”

“दंड भरीन तो वहिनींकडं. पोळ्या घेऊन त्याच उभ्या राहिल्या हुत्या.”

“मला नका मधी घेऊ,” मरिया म्हणाली आणि तिने तांब्या उचलला. बैलांनी पोळ्या खाल्ल्या. सहादू पुन्हा ‘अरे’वर आले, खुर्ची मात्र काही दिवस पुढे येत राहिली. यशया मला म्हणाले, “आले, पन एक झालं बगा. मरिया घास देत हुती, तवा सहादू तिच्या हाताकडं बगत हुता. मी सहादूकडं बगत हुतो. आधी कुनीच बगत नव्हतं.”

ऑक्टोबर २०२३ मध्ये सहादू दरंदले यांनी ती बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली; यशयांच्या दारात थांबायला आता बैल नाहीत.