लिफ्टमधले कॅप्टन

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त वैमानिक एकटेच राहतात. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात, पण घरी कुणी बोलावत नाही. लिफ्टमध्ये भेटले की आपणहून सगळ्यांची बटणं दाबतात.

परवा वीज गेली आणि आम्ही लिफ्टमध्ये अडकलो. शेजारच्या काकू रडायलाच लागल्या. कॅप्टन संथ आवाजात म्हणाले, "घाबरू नका. उशीर होईल, पण सगळे सुखरूप पोचणार." काकू गप्प झाल्या.

दार उघडलं तेव्हा विमानाच्या दारात उभं राहावं तसे ते बाजूला उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत राहिले. जो तो घरी पळाला.

मी म्हणालो, "चला की कॅप्टन, घरला जायचं न्हाय व्हय?"

"जातो की," रिकाम्या लिफ्टकडं बघत ते म्हणाले. "आत्ताच तर सगळी उतरली."