ढालीच्या पट्टीवर नसलेलं नाव

मी घोडेगावचा. आमचे आबा जनावरांच्या बाजारात, समोरच्याने कितीही शपथा घेतल्या तरी बैलाचे दात स्वतः बघायचे. तो संशयी स्वभाव माझ्यात उतरलाय आणि फौजेत तो कामी आला. ईशान्येकडे एका हेलिकॉप्टर युनिटमध्ये माझं पोस्टिंग होतं, हवालदार टेक्निशियन म्हणून.

गेल्या महिन्यात नगरच्या एका कॉलेजात मला उड्डाण सुरक्षा ढालीचा इतिहास सांगायला बोलावलं. दरवर्षी सगळ्या युनिटांतून एकालाच मिळणारी ही ढाल. पोरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, की तुम्ही किती वेळा जिंकली. मी म्हटलं, आधी ती कशाची बनलीय ते ऐका.

ती तुटक्या पात्याची आहे. फार पूर्वी एका मेकॅनिकचा पाना मशीनमध्येच, म्हणजे हेलिकॉप्टरमध्येच, राहिला आणि उडताना शेपटाच्या पंख्यात गेला. कोणी वाचलं नाही. तेव्हाच्या कमांडिंग ऑफिसरांनी त्या पात्याचा तुकडा सागवानी फळीवर ठोकून घेतला. वर्षभर जे युनिट सगळ्यात सांभाळून उडेल, त्याच्याकडे तो राहायचा. पुढे त्याला चांदीचा मुलामा चढला, खाली विजेत्यांच्या पितळी पट्ट्या आल्या, साहेब लोकांच्या प्रमोशनला तिचा उपयोग व्हायला लागला. पान्याची आठवण कोणाला राहिली नाही.

आमच्याकडे हत्यारांचा बोर्ड असायचा. प्रत्येक पान्याची आकृती त्यावर लाल रंगात काढलेली. पाना जागेवर नसला की लाल जागा लांबून दिसते. बोर्ड भरल्याशिवाय मशीन उडत नाही.

त्या वर्षी ढाल आमचीच, असं सगळे धरून चालले होते. तपासणीची टीम आली. सकाळी साडेसातचं फ्लाइट. नाईक सलीम शेख बोर्डसमोर उभा होता. सलीम बेलापूरचा, आपल्या जिल्ह्यातला, त्यामुळे आमचं जमायचं. बोर्ड भरलेला होता. तरी त्याने दहा-अकरा नंबरचा पाना उचलला, फिरवला आणि माझ्यापुढे धरला. आमच्या हत्यारांवर पिवळा पट्टा असायचा, तेलाने काळवंडलेला. ह्याचा पट्टा कोरा करकरीत होता, रंग बोटाला लागत होता. आमचा पाना हरवला होता आणि कोणीतरी दुसरा रंगवून तिथे टांगला होता.

तोवर इंजिन सुरू झालं होतं. सलीम धावत गेला आणि त्याने हेडसेट लावला.

"सर, मशीन थांबवा. पाना कमी आहे."

"बोर्ड फुल रिपोर्ट झालाय," मशीन उडवणारे मेजरसाहेब म्हणाले.

"सर, बोर्ड खोटा आहे."

इंजिन बंद झालं. दिवसभर मशीन उघडून शोधलं, पाना सापडला नाही. ढाल दुसऱ्या युनिटला गेली.

मग कुजबुज सुरू झाली. सलीमची रजा नाकारली होती, म्हणून त्यानेच पाना लपवून दावा साधला, असं लोक बोलायला लागले. जेवायला त्याच्या शेजारी कोणी बसेना. मला स्टोअरवाल्याचा संशय आला, मग दुसऱ्याचा, मग माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याचासुद्धा. सलीमचा नाही आला. ज्याला पाना हरवल्याचं दाखवायचंय, तो लाल जागा भरायला दुसरा रंगवून कशाला टांगेल? पण एवढा साधा विचार करायची कोणाची तयारी नव्हती. सलीम रोज सकाळी प्रत्येक पान्यावरच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवायचा. रजेवर गेलेल्या एका जवानाने ही कुजबुज बेलापूरपर्यंत पोहोचवली.

पुढच्या हिवाळ्यात रेशन पोहोचवून परतताना एक हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं. दोन पायलट आणि सलीम गेले. मी खोदून खोदून चौकशी केली. खरोखर हवामानच कारण होतं. मी ढसाढसा रडलो.

त्यानंतर सलीमने त्या सकाळी थांबवलेलं मशीन ओव्हरहॉलला उघडलं. फ्लोअरचा पत्रा काढला, तर कंट्रोल रॉडखाली अडचणीत दहा-अकराचा पाना. पट्टा काळवंडलेला. रॉडवर घासल्याची चकचकीत खूण. अजून जरा सरकला असता तर रॉड अडकून मशीन हवेतच हाताबाहेर गेलं असतं. मेजरसाहेबांनी टोपी काढली.

रजा मिळाल्याबरोबर मी बेलापूरला गेलो. सलीमच्या आईने मला बसायलाही सांगितलं नाही.

"खरं सांग बाबा, माझ्या पोरानं पाना लपिवला हुता का?"

"न्हाई अम्मी. त्यानं दुसऱ्याची लबाडी उघडी पाडली. पाना मशीनमधीच सापडला."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "मंग हे लोकान्ला कोन सांगनार?"

तेव्हापासून मी सांगतोय. तो पट्टा कोणी रंगवला ते आजही कळलेलं नाही. युनिटच्या गेट-टुगेदरला सगळे गळ्यात पडतात, आणि मी मात्र एकेकाच्या हातांकडे बघत बसतो. त्यातले काही आता थरथरतात. तरी बघतो.

पोरांना मी शेवटी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आम्ही ढाल दोनदा जिंकली, त्या पट्ट्या कोणीही जाऊन वाचाव्यात. त्या वर्षीच्या पट्टीवर मात्र दुसऱ्या युनिटचं नाव आहे. आमचं ज्याच्यामुळे नाही, त्याचं नाव नाईक सलीम शेख, मुक्काम बेलापूर.