खांबापाशी मांडलेली चूल

सावोने याप्तिक. हुद्दा : तंबू-कामगार, रेनडिअर तुकडी. कामाचे ठिकाण : टुंड्रा. कर्तव्ये : तंबू उभारणे, मोडणे व पुन्हा उभारणे, स्थलांतरात घसरगाड्यांचा तांडा अग्रभागी राहून नेणे. शिक्षणाची अट नाही.

जागा कोण निवडतं, हे लिहायचं कचेरीला सुचलं नाही. ते काम नवऱ्याचं. तो कळप घेऊन पुढे जाई, बर्फ चाचपून आपली रेनडिअर हाकायची लांब काठी रोवी. मागून येऊन सावोने त्या काठीशी चूल मांडी. मांडताना जन्मभर कुरकुरली : "एवढी टुंड्रा पडलीय, आणि ह्यांना वाऱ्याच्या तोंडचीच जागा सापडते!"

मागच्या मुक्कामी म्हातारा वारला. रीतीप्रमाणे त्याची काठी मोडून त्याच्यापाशी ठेवली. सावोने समोरच उभी होती.

आता कळप घेऊन पुढे मुलगा गेला होता, सेराको. आभाळ खाली उतरलेलं. वादळाआधी तंबू उभा राहिला नाही तर पोराबाळांसकट सगळे उघड्यावर. पांढऱ्या धुरकटपणात एक काठी दिसली. सावोनेने तांडा थांबवला, चुलीचा पत्रा टाकला, दोन मुख्य दांडे बांधून उभे केले, बाकीचे भोवती टेकवले. कातडी चढवायला घेतली, तेवढ्यात सून खादने काठीपाशी जाऊन आली.

"सासूबाई, हा गॅसवाल्यांचा खुणेचा खांब आहे. वर बिल्ला ठोकलाय."

"हो का."

"मग थांबलात कशाला इथं?"

"जागा वाईट होती गं. वारा सरळ तोंडावर. म्हटलं, ह्यांचीच काठी असणार."

खादने एरवी तोंडास तोंड देणारी. ती वळून दोर सोडू लागली.

सेराको शोधत आला. त्याची काठी टेकडीच्या आडोशाला होती, चांगल्या जागी. सगळं मोडून, लादून तिथे नेईपर्यंत वादळाने गाठलं. तंबू उभा राहिला, पण धाकट्या नातीची बोटं पांढरी पडली. सावोनेने ती काखेत धरून ठेवली, रंग येईपर्यंत. तिला कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं, असं तिला वाटलं.

पुढच्या स्थलांतराला आघाडीच्या रेनडिअरचा दोर तिने खादनेच्या हातात दिला.

"अहो, तुम्हीच न्या की."

"नको. मला काठ्या दिसतात."

कागदावर हुद्दा तिच्याकडेच राहिला. ती शेवटच्या गाडीवर बसली.